निवृत्तीच्या खात्याला हे मृत्युपत्र लागू नाही

मी, खाली सही करणारी, सत्तरी उलटलेली, धंद्याने कवळ्या करणारी, हे लिहिताना पूर्ण शुद्धीवर आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. शुद्धीचा दाखला आमच्या दंतवैद्यांनी आनंदाने दिला होता. डोक्याचा दाखला दातांच्या डॉक्टरने देऊन चालत नाही, असे वकीलबाईंचे म्हणणे पडले. मी म्हटले, डोक्याचा खालचा अर्धा भाग तरी त्यांच्या अखत्यारीत येतो. पण त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी मला आजचा वार विचारला, मी सांगितला. त्यांनी फी सांगितली, ती ऐकूनही माझी शुद्ध हरपली नाही, तेव्हा दाखला पक्का झाला.

हे माझे दुसरे मृत्युपत्र. पहिले रद्द झाले आहे. मी ते फाडले नाही, ते कायद्याने आपोआप रद्द झाले. कसे, ते कलम सातमध्ये आहे. थोरल्याने पाने उलटून एकदम तिथे जाऊ नये. वाचन क्रमाने व्हावे, मोठ्याने व्हावे, आणि माझी दोन्ही मुले, जावई व मागच्या खोलीतले भाडेकरू हजर असताना माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच व्हावे, कारण जे काही झाले ते याच टेबलाशी झाले. तुम्ही सगळे माझ्या निवृत्तीच्या खात्यासाठी जमला आहात, हे मला ठाऊक आहे. ते कोणाला मिळणार, तेही सांगणार आहे. तोवर चहा घ्या. साखर वरच्या फळीवर आहे.

कलम एक. घर.

राहते घर थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी यांना निम्मेनिम्मे. मधे भिंत घालायची का पडदा, ते त्यांनी ठरवावे. लहानपणी एका पलंगावर खडूने रेघ मारून झोपायचे, तेव्हा सवय आहे.

अट एकच. मागच्या खोलीत राहणारे गृहस्थ हयात असेपर्यंत या घरात राहतील. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून ते निवृत्त झाले, त्यांची जुनी इमारत पाडली गेली, म्हणून मी त्यांना खोली दिली. मुले त्यांना काका म्हणतात आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडे आले का म्हणून मला फोन करतात. माझ्या पश्चात त्यांच्याकडून भाडे घेऊ नये. फक्त खोली नव्हे, स्वयंपाकघर, गच्ची आणि खिडकीजवळची माझी खुर्चीही त्यांनी वापरावी. ‘भाडेकरूचे एवढे लाड कशाला?’ हा प्रश्न आता धाकटीच्या ओठांवर आला असेल. तो तिथेच ठेवावा.

कलम दोन. दागिने.

बांगड्या धाकटीला. त्या तिने ‘घरात चोऱ्या फार होतात’ म्हणून आधीच नेल्या आहेत, तेव्हा हे कलम म्हणजे झाल्या गोष्टीवर सही आहे. गळ्यातली साखळी मी अजून घालते. ती सांभाळायला नेण्याची घाई नको.

कलम तीन. हत्यारे आणि जबडे.

मेणाच्या सुऱ्या, स्पिरिटचा दिवा, पॉलिशची मोटर आणि वरचा-खालचा जबडा जुळवून पाहायचे पितळी यंत्र, हे सगळे दंतवैद्यांच्या दवाखान्याला. त्यांनी माझी प्रत्येक कवळी पहिल्यांदा परत पाठवली आणि दुसऱ्यांदा तीच कवळी, हात न लावता, पसंत केली. इतक्या वर्षांत त्यांना हे कळले नाही. आता कळले तरी हरकत नाही, कारण खाली साक्षीदार म्हणून त्यांचीच सही आहे आणि ती करून झाली आहे.

कपाटातले प्लास्टरचे जबडे फेकून द्यावेत. आमच्या गल्लीतले निम्मे लोक त्या कपाटात तोंड मिटून बसले आहेत. दोन अपवाद आहेत. एक जबडा माझ्या दिरांचा, त्याचे कलम चारमध्ये. आणि खिडकीतले तीन खालचे जबडे, तिन्ही एकाच माणसाचे, जागचे हलवू नयेत.

त्या तिन्हींची गोष्ट अशी. लिफ्टवाले पहिल्यांदा माझ्याकडे आले ते गिऱ्हाईक म्हणून. दंतवैद्यांनीच पाठवले. “खालची बसत नाही, बाई,” म्हणाले. मी नवे माप घेतले, नवी केली. आठवड्याने पुन्हा हजर. “टोचते.” कुठे टोचते विचारले तर बोट कधी डावीकडे, कधी उजवीकडे. पुन्हा माप, पुन्हा नवी. तीही टोचली, मग तिसरी. तिच्यावरही तक्रार आली तेव्हा मी चाव्याचा निळा कागद दातांत धरून तपासले. ठसे सगळीकडे सारखे उमटले होते. इतकी बिनचूक कवळी मी त्याआधी केली नव्हती. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “दुसरीच बसली होती, बाई. पण मग येणार कशाला?”

मी त्यांच्याकडून तिसरीचे पैसे घेतले. धंदा तो धंदा.

कलम चार. दीर.

माझ्या यजमानांचेही निवृत्तीचे खाते होते. ज्या रकान्यात ‘आपल्या पश्चात रक्कम कोणाला’ असे विचारतात, तो त्यांनी कोरा ठेवला. मी विचारले तर म्हणाले, “माझ्या मरणाची एवढी घाई कोणाला आहे?” घाई कोणालाच नव्हती, पण ते वारले. रकाना कोरा, म्हणून खाते अडकले. अडकले म्हणताच दिरांना भावाची आठवण येऊ लागली. भावाने तोंडी काय काय कबूल केले होते, ते त्यांना रोज नव्याने आठवे. हरकतीवर हरकत घालून त्यांनी मला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावल्या. अखेर जे हाती आले ते वकिलाच्या हाती गेले. दिरांनाही काही मिळाले नाही, एवढेच समाधान. त्या वर्षांत मी दिवसा दवाखान्याच्या कवळ्या केल्या, संध्याकाळी बाहेरच्या केल्या, आणि घरी आल्यावर दोन मुलांना शिकवले. कोणी विचारायला आले नाही. दीर आले होते, पण ते त्यांच्या कवळीची फट बुजवून घ्यायला.

म्हणून दिरांना त्यांचाच प्लास्टरचा जबडा द्यावा. मिटलेल्या अवस्थेत त्यांचे तोंड तेवढेच उपलब्ध आहे.

कलम पाच. खाते, आणि ते मला कितपत समजले.

दवाखान्याने आमचे निवृत्तीवेतन बंद केले आणि सांगितले, आता ज्याने त्याने आपापले खाते उघडावे. एक एजंट रंगीत पुस्तिका घेऊन आला. मुखपृष्ठावर समुद्राकाठी एक म्हातारे जोडपे मनमुराद हसत होते. मी भिंग लावून पाहिले. दोघांच्या वरच्या कवळ्या होत्या, रंग चुकलेला, हिरडी फार गुलाबी. म्हटले, ज्यांना आपल्याच पुस्तिकेसाठी धड कवळी करून घेता आली नाही, त्यांच्या हाती मी म्हातारपण देणार. पण दुसरा इलाज नव्हता.

नियम मी वर्षानुवर्षे शिकत आले. दरसाल खात्यात किती टाकता येते याला वरची मर्यादा आहे. माझ्या पगाराला ती मर्यादा कधी लांबूनही दिसली नाही. खाती दोन प्रकारची: एकात कर आधी भरा आणि नंतर निवांत काढा, दुसऱ्यात आता भरू नका, काढताना भरा. मी दुसरे घेतले, कारण उद्याचा कर उद्याची मी भरेल, आणि ती माझ्यापेक्षा शहाणी असेल असा माझा समज होता. ठरावीक वयाच्या आत पैशाला हात लावला तर दंड. मग एक दिवस उलटेच झाले. जावयांचा फोन आला, “आई, यंदापासून थोडे थोडे काढायलाच लागतात. नाही काढले तर दंड.” तरुणपणी हात लावला म्हणून दंड, म्हातारपणी हात लावला नाही म्हणून दंड. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, हे आमच्या धंद्यात आम्हाला ठाऊकच होते. पण चणे खाल्ले नाहीत म्हणून दंड करणारे मी पहिल्यांदाच पाहिले.

आणि सगळ्यात मोठा नियम, जो मला यजमानांच्या वेळी ठेच लागून कळला: या खात्याला मृत्युपत्र लागत नाही. रकान्यात ज्याचे नाव, त्याचे खाते. मी इथे सोनेरी शाईने काहीही लिहिले तरी खाते ढिम्म हलणार नाही. तेव्हा हे मृत्युपत्र फाडा, जाळा, कोर्टात न्या. खाते कोणाला मिळणार ते आधीच ठरून गेले आहे. (थोरल्याने आता उभे राहू नये. बस. चहा गार होतो आहे.)

कलम सहा. थोरला.

थोरल्याला माझे बँकेतले साधे बचत खाते आणि एक खुलासा. त्याला व्यायामशाळा काढायची होती. आमच्या दोन जिन्यांवर मधे एकदा बसून दम खाणाऱ्या माणसाला व्यायामशाळा काढायची होती. त्याने मला खाते मोडायला सांगितले. घर घेण्यासाठी चालते, शिक्षणासाठी चालते, आजारासाठी चालते, व्यायामशाळेसाठी दंड पडतो, असे मी सांगितले. “मग मी आजारी आहे असं लिही,” म्हणाला. त्यानंतर दोन वर्षे तो माझ्याशी फक्त वाढदिवसाला बोलला, तेही स्वतःच्या.

खुलासा असा, की दंड भरून पैसे काढता आले असते. मला काढायचे नव्हते. नियमाच्या आड उभे राहून नाही म्हणणे सोपे जाते, आणि आईला रोज कुठे तेवढा चांगला आडोसा मिळतो? बाळा, तुला ते पैसे दिले असते तर आज माझ्याकडे खाते नसते आणि तुझ्याकडे व्यायामशाळाही नसती. बचत खाते मात्र सगळे तुझे. त्यातून निदान गुडघे दाखवून घे.

कलम सात. जावयांचा सल्ला.

जावई निवृत्तीच्या खात्यांचे सल्लागार आहेत. लोकांना फी घेऊन सांगतात, मला फुकट सांगतात, आणि फुकट असल्यामुळे जास्त सांगतात. माझ्या खात्याच्या रकान्यात तेव्हा दोन्ही मुलांची नावे होती. गेल्या साली एका रविवारी सगळे या टेबलाशी बसले असताना त्यांनी तो विषय काढला. थोरल्याला वाटत होते सगळे त्याच्या नावावर करावे, धाकटीला वाटत होते तिच्या. दोघेही एकमेकांशी न बोलता माझ्याशी बोलत होते.

जावयांनी चहाचा डबा पुढे ओढला.

“हा डबा म्हणजे तुमचं खातं, आई.”

“बरं.”

“मुलांना मिळाला, तर दहा वर्षांच्या आत रिकामा करावा लागतो. करही भरावा लागतो, तोही त्यांच्या भरपगाराच्या वर्षांत. सगळी मलई सरकारला. म्हणून म्हणतो, नीट आखणी करायला हवी. ही घरी असते, हिला पगार नाही, त्यामुळे हिच्या एकटीच्या नावावर—”

“आई, त्यांचं नीट ऐक,” धाकटी म्हणाली.

“ऐकतेय. सगळ्यात कमी तोटा कशात?”

“तसं पाहिलं तर जोडीदाराला मिळालं तर. मग दहा वर्षांची घाई नाही. डबा जसाच्या तसा त्याचा, स्वतःचा असल्यासारखा. बाबा असते तर प्रश्नच नव्हता.”

“म्हणजे नवरा लागतो.”

“लागतो,” जावई हसले, “पण तो आता कुठून आणणार?”

सगळे हसले. थोरला तर डोळे पुसेपर्यंत हसला. त्या दिवशी बहीणभावाचे एकमत झालेले ते तेवढेच. टेबलाच्या टोकाला लिफ्टवाले टोस्ट चहात बुडवून खात बसले होते. त्यांच्याकडे कोणाचेही लक्ष गेले नाही. माझे गेले.

सगळे गेल्यावर आम्ही भांडी आवरत होतो. ते विसळतात, मी पुसते. मी विचारले, “तुमच्या कंपनीने तुम्हाला काय दिलं हो निवृत्त होताना?”

“बॅग. चेन तुटलेली.”

“आणि खातं?”

“खातं कसलं? मालक म्हणायचे, तुम्ही घरचेच.”

मी दोन कप पुसले. मग म्हटले, “लग्न कराल का?”

“कोणाशी?”

मी तिसरा कप पुसायला घेतला. त्यांनी नळ बंद केला. हात पुसले. “मुलं काय म्हणतील?” म्हणाले.

“मुलांनीच सुचवलंय,” मी म्हटले.

वकीलबाईंना जाऊन विचारले, की नवरा किती जुना असावा लागतो. त्या म्हणाल्या, नवा चालतो. लग्न झाले की आधीचे मृत्युपत्र मात्र रद्द होते, पुन्हा लिहावे लागेल. म्हटले, लिहू. मागच्या वेळी काही राहून गेले होतेच.

आम्ही गेल्या महिन्यात नोंदणी करून लग्न केले. तिथून थेट बँकेत गेलो, कारण कोऱ्या रकान्याचे काय होते ते मी एकदा भोगले आहे. काउंटरवरच्या मुलीने नवे नाव टाइप केले.

“नातं?”

“नवरा.”

“कधीपासून?”

“सकाळपासून.”

तिने वर पाहिले. मला या वयात लाज वाटली आणि वाटली याचा आनंद झाला.

तेव्हा निवृत्तीचे खाते, सबंध, माझ्या पतींचे आहे. जावईबापूंचे मनापासून आभार. त्यांचा सल्ला मी आजवर इतक्या तंतोतंत कधी पाळला नव्हता. फी लागू होत असेल तर त्यांनी सांगावी.

कलम आठ. आता पुढे काय.

मुलांनो, आता तुम्ही एकमेकांकडे पाहणार, मग टेबलाच्या टोकाकडे पाहणार. पाहा. तुम्ही आपापल्या घरी गेल्यावर मी इथे एकटी जेवत होते आणि तुम्ही फोनवर विचारत होता, “जेवलीस ना?” जेवले की नाही ते विचारलेत, कोणाबरोबर ते विचारले नाहीत. पाठीत भरले तेव्हा मला कॉटवरून उठवून बसवणारा माणूस तुमच्या लेखी ‘भाडे वेळेवर देतात हो’ एवढाच होता. मला त्याचा राग आला होता. अजून आहे. तो मी इथे तुम्हा दोघांना निम्मानिम्मा देते.

माझ्या पतींना मी इतकेच सांगितले आहे, की खाते तुमचे झाले की पहिल्याच दिवशी तुमचा रकाना भरा. कोरा ठेवू नका. कोणाचे नाव घालणार, असे मी विचारले. ते म्हणाले, “मुलांचंच घालीन की. दुसरं कोण आहे मला?” मी म्हटले, घाई करू नका. थोडे दिवस बघा. कोण भेटायला येतो, कोण येऊन फक्त घड्याळ बघतो, कोण तुमच्यासाठी टोस्ट आणतो आणि कोण आणून स्वतःच खातो, ते बघा. रकाना त्यांचा, पेन त्यांचे. तिथपर्यंत माझा हात पोचत नाही, आणि जावईबापूंचाही पोचत नाही.

ज्याला पूर्वी काका म्हणताना ओठ आवळावे लागत, त्याने आता थोडे हसून म्हणून पाहावे. कवळी निघणार नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्यांची फी बचत खात्यातून आधी काढून घ्यावी, म्हणजे त्या थोरल्याच्या तोंडाकडे बघत बसणार नाहीत.

कलम नऊ.

हे कलम वाचणाऱ्याने आवाज चढवावा, कारण ज्यांच्यासाठी ते आहे त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते.

नोंदणी कार्यालयात आमचा नंबर लागायच्या आधी बाकावर बसलो होतो. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि तिसरी कवळी लावली होती. ते हळूच म्हणाले, “नियमासाठीच ना, बाई? मला कळलेलं बरं, म्हणजे मी उगाच काही धरून चालणार नाही.” मागे रांग होती, समोर कारकून होता, आणि माझा स्वभाव तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणाले, “हो, नियमासाठीच.” ते मान हलवून म्हणाले, “चालेल.” आणि आत जाऊन त्यांनी सही केली.

तर मी, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय, दोन साक्षीदारांसमक्ष लिहून देते, की ते खोटे होते. खाते नसते, नियम नसता, डबा रिकामा असता, तरी मी तुमच्याशीच लग्न केले असते. दुसरी कवळी बसली होती, हे मलाही दुसऱ्याच वेळी कळले होते. तरी मी तिसरीचे माप घेतले.

ही गोष्ट मी त्यांना हयातीत तोंडाने सांगितली, तर हे कलम रद्द समजावे. पण रद्द झाले असले तरी वाचावे.

लिहून देणार: कवळ्या करणारी (सही)

आम्ही खाली सह्या करणारे साक्षीदार, बाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली, असे सांगतो. आमच्यापैकी कोणालाही यातून काही मिळत नाही.

साक्षीदार पहिले: दंतवैद्य (सही. कलम तीन सहीनंतर वाचले. हत्यारे दवाखान्याला आहेत, मला नाहीत, असे वकीलबाईंनी समजावले. कवळ्यांबद्दल हरकत नोंदवतो.)

साक्षीदार दुसऱ्या: तळमजल्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)

लाभार्थ्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून माझे पती सह्या होईपर्यंत बाहेर जिन्यावर बसले आहेत. आता त्यांना आत बोलावते.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: लग्नानंतरचा पाचवा मंगळवार